तोंड दाबून : एका पट्ट्याचा इतिहास

आपल्यापैकी बहुतेकांचा घोड्याशी संबंध येतो तो लग्नाच्या वरातीत, चौपाटीवर, नाहीतर माथेरानला. तेवढाच. पण भाषेत मात्र घोडा अजून आपल्याबरोबर राहतो. आपण खर्चाला लगाम घालतो, टीममध्ये खोगीरभरती झाली म्हणून कुरकुरतो, आणि रिलीज होऊन गेल्यावर टेस्टिंगचा रिपोर्ट आला की 'वरातीमागून घोडं' म्हणतो. खोगीर, लगाम, रिकीब, चाबूक हे शब्द सगळ्यांना ठाऊक असतात, वस्तू कधी हातात धरलेली नसली तरी.

आज लिहितोय ते या सामानातल्या एका अगदी साध्या दिसणाऱ्या वस्तूबद्दल. घोड्याच्या नाकावरून आणि जबड्याखालून वळसा घालून बांधलेला चामड्याचा पट्टा. नाव नोजबँड. दिसायला काहीच नाही, कंबरेचा पट्टा असावा तसा. पण या पट्ट्यावरून गेली काही वर्षं जगभर भांडण चालू आहे, आणि ते भांडण वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे.

माझी आणि याची गाठ पडली ती भारताच्या सुवर्णपदकामुळे. २६ सप्टेंबर २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत १९८२ नंतरचं पहिलं सुवर्ण, म्हणजे ४१ वर्षांनी. त्यातला हृदय आपल्या मुंबईचा. आता पदक मिळालं म्हटल्यावर हे ड्रेसाज म्हणजे नक्की काय ते बघणं आलं! ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद रिंगण, त्यात घोडा आणि स्वार ठरलेल्या हालचाली करतात, आणि पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. घोडा नाचतोय असंच वाटतं. स्वार काही करतोय असं दिसता कामा नये, ही त्यातली खरी कला. बघता बघता मी त्यात अडकलो, आणि मग वाचायला लागलो.

तर आधी थोडं शरीरशास्त्र. घोड्याच्या तोंडाची रचना फार सोयीची आहे. म्हणजे आपल्या सोयीची, घोड्याच्या नव्हे. त्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे दात नाहीत, फक्त हाडावर हिरडीचं पातळ आवरण. लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग, बिट, नेमका तिथे आणि जिभेवर टेकतो. (बिट म्हटल्यावर शून्य आणि एक आठवले असतील तर तो आपल्या धंद्याचा दोष.) लगाम ओढला की दाब तिथे येतो. दाब हलका असेल तर ती सूचना. जोराचा असेल तर ती वेदना.

वेदना झाली की घोडा काय करणार? त्याला ओरडता येत नाही. म्हणजे घोडा खिंकाळतो, पण कुत्र्यासारखा दुखलं म्हणून केकाटत नाही. तो तोंड उघडतो, जबडा वाकडा करतो, जीभ बाहेर काढतो, नाहीतर जीभ बिटच्या वरून घेऊन दाबातून सुटका करून घेतो. ही त्याची तक्रार. नोजबँड ही तक्रार बंद करतो. पट्टा घट्ट आवळला की तोंड उघडतच नाही.

पट्टा मुळात वाईट नाही, हे आधीच सांगतो. नीट सैल बांधला तर तो लगामाची मांडणी जागेवर ठेवतो, आणि जबडा फार वाकडा होऊ देत नाही. नाक आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत, असा जुना दंडक आहे. पण पुढे असे पट्टे आले की ज्यांचं टोक कडीतून उलटं फिरवून ओढता येतं, विहिरीच्या कप्पीसारखं. थोड्या जोरात भरपूर घट्ट. आणि लोक ते का ओढतात? कारण शांत, मिटलेलं तोंड हे ड्रेसाजमध्ये चांगल्या शिक्षणाचं लक्षण मानतात. तोंड उघडलं, जीभ दिसली, की गुण कमी.

आपल्या लोकांना हे लगेच कळेल. प्रोग्रॅम एरर देतोय, डेमो उद्या आहे. एक उपाय म्हणजे एरर का येतेय ते शोधणं. दुसरा उपाय म्हणजे एरर पकडून आत काहीही न लिहिता गिळून टाकणं. स्क्रीन स्वच्छ, डॅशबोर्ड हिरवागार, क्लायंट खूश. बग जिथे होता तिथेच. घट्ट आवळलेला नोजबँड म्हणजे तो रिकामा कॅच ब्लॉक आहे. मराठीत याला त्याहून जुनी आणि नेमकी म्हण आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तुम्ही म्हणाल, हे आजच्या स्पर्धेच्या युगाचं पाप. तसं नाही. ही युक्ती फार जुनी आहे.

रशियात, उरल पर्वताच्या दक्षिण बाजूला, सिंताश्ता संस्कृतीची सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची थडगी सापडली आहेत. त्यांत रथ आहेत, आणि घोड्याच्या ओठांशी दोन्ही बाजूंना बसणाऱ्या हाडाच्या, शिंगाच्या चकत्या आहेत. काही चकत्यांना आतल्या बाजूने टोकं आहेत. लगाम एका बाजूला ओढला की टोकं घोड्याला टोचणार आणि तो वळणार. म्हणजे रथ ओढायला लागला तेव्हापासून हा प्राणी टोचून घेतोय.

त्याच वेळी दुसरी परंपराही दिसते. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचा, घोडे तयार करण्याचा एक मातीच्या पाट्यांवरचा ग्रंथ आजच्या तुर्कस्तानात सापडला. सांगणारा मितान्नी देशाचा किक्कुली. त्यात दिवसागणिक वेळापत्रक आहे : किती पळवायचं, काय खायला द्यायचं, केव्हा धुवायचं, केव्हा विश्रांती. गंमत म्हणजे फेऱ्या मोजायचे शब्द आहेत ऐक, तेर, पंझ, सत्त, न, आणि फेरीला शब्द आहे वर्तन्न. ग्रंथ हित्ती भाषेत आणि आकडे आपल्या ओळखीचे! आपलं 'आवर्तन' आठवतं की नाही? असो, विषयांतर झालं. सांगायचं एवढंच की घोडा नुसता टोचून नाही, सांभाळूनही तयार करतात, हे तेव्हाही लोकांना माहीत होतं.

पण घोड्याच्या मनाचा विचार सविस्तर मांडणारं, आज पूर्ण हातात असलेलं जुनं पुस्तक म्हणजे ग्रीक सेनानी झेनोफनचं, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. त्याच्या वेळी रिकीब नव्हती, आजच्यासारखं खोगीरही नव्हतं. नुसतं कापड टाकून लोक लढाईला जायचे. झेनोफनचं म्हणणं थोडक्यात असं : जबरदस्तीने करून घेतलेली गोष्ट घोडा समजून करत नाही, आणि तिच्यात सौंदर्यही नसतं. नाचणाऱ्याला चाबकाने मारून सुंदर नाचवता येईल का, तसंच हे. घोडा घोड्यांपुढे, विशेषतः घोड्यांमधल्या माद्यांपुढे, ऐट दाखवतो तेव्हा मान आपोआप कमानदार करतो. तीच ऐट त्याने स्वाराखाली आपणहून दाखवावी, हे खरं शिक्षण.

वाचून वाटतं, वा, काय माणूस! पण त्याच पुस्तकात झेनोफन सांगतो की स्वाराकडे निदान दोन बिट हवेत. एक गुळगुळीत आणि एक काटेरी. (काट्यांना ग्रीकमध्ये शब्द आहे तो साळूसारख्या काटेरी प्राण्याचा.) आधी काटेरी वापरायचं, म्हणजे नंतर गुळगुळीत मिळालं की घोडा खूश होईल. म्हणजे तत्त्व मायेचं आणि टूलबॉक्समध्ये काटे. मला हा तपशील आवडतो, कारण पुढच्या चोवीसशे वर्षांचा इतिहास यातच आलाय. सगळ्यांना ती कमानदार मान हवी आहे. प्रश्न इतकाच की ती आतून आणायची की बाहेरून.

बाहेरून आणणं सोपं. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेने घोडेस्वारीचं पुस्तक छापलं, ते युरोपभर गाजलं, भाषांतरं झाली. त्यात बिटच्या आकृत्याच आकृत्या आहेत, एकाहून एक अघोरी. अडेल घोडा पुढे जात नसेल तर मागून पेटता पेंढा दाखवा, काठीला जिवंत मांजर बांधून त्याच्या मागे धरा, असले उपाय आहेत. हसू येतं आणि मग हसू जातं. हेही लक्षात ठेवायला हवं की त्या काळी घोडा हे युद्धाचं साधन होतं. ऐन लढाईत घोडा थांबला नाही किंवा वळला नाही तर स्वार मेला. म्हणून क्रूरपणा माफ होत नाही, पण तो कुठून आला ते कळतं.

जिथे युद्ध नव्हतं तिथलं काय? एकोणिसाव्या शतकातलं लंडन घ्या. श्रीमंतांच्या बग्ग्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान उंच, डौलदार दिसली पाहिजे, अशी फॅशन होती. त्यासाठी बेअरिंग रेन नावाचा एक जादा पट्टा असे. बिटपासून निघून वर, मागे, पाठीवरच्या साजाला अडकवलेला. झालं! घोड्याला मान खाली करताच येत नाही. चढावर गाडी ओढायची तर घोड्याला डोकं खाली घालून पुढे रेलावं लागतं. ते बंद. श्वास घ्यायलाही त्रास. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला घोडा कसा तेजस्वी दिसतोय!

याविरुद्ध १८७५ साली एडवर्ड फोर्डहॅम फ्लॉवर या मद्यउद्योजकाने एक पुस्तिका काढली. आणि १८७७ मध्ये आली ॲना सूएलची कादंबरी 'ब्लॅक ब्यूटी'. आपल्याकडे अनेकांनी ती शाळेत संक्षिप्त रूपात वाचली असेल, मुलांची गोष्ट म्हणून. ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती, घोड्यांशी रोज ज्यांचा संबंध येतो त्यांच्यासाठी लिहिलेली होती. ॲना सूएल लहानपणी पडून पायाने अधू झाली होती, आयुष्यभर तिला फिरायला घोडागाडीचाच आधार होता. कादंबरी घोड्याच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि बेअरिंग रेन काय करतो ते त्यात घोडाच सांगतो. ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला लावलं, यातच तिचं यश आहे. पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच, १८७८ साली, ती वारली. अमेरिकेत १८९० पासून प्राणीमित्र संघटनेनेच ते पुस्तक छापून वाटलं. हा पट्टा एका दिवसात गेला नाही, पण पुढच्या काही दशकांत त्याची फॅशन गेली.

दुसरा बदल लष्करातूनच आला, हे विशेष. इटालियन घोडदळातला कॅप्टन फेदेरिको काप्रिल्ली (१८६८ ते १९०७). त्या काळी अडथळ्यावरून उडी मारताना स्वार मागे रेलायचा आणि लगाम धरून ठेवायचा. म्हणजे ऐन हवेत घोड्याच्या तोंडाला हिसका. काप्रिल्लीने उलट केलं. पाठीवर कोणी नसताना घोडा उडी कशी मारतो ते नीट बघितलं, आणि स्वाराला सांगितलं की तू पुढे झुक, हात सैल सोड, त्याच्या मानेला जाऊ दे. वरिष्ठांना आधी पटलं नाही. पण १९०२ मध्ये तुरीनला त्याने २ मीटर ८ सेंटीमीटरची उडी मारून दाखवली. पुढे इटालियन घोडदळाने ही पद्धत घेतली आणि आज जगभर शो जंपिंग याच पद्धतीने होतं. इथे मोकळीक दिली आणि कामगिरी वाढली. ही गोष्ट 'घोड्याची दया करा' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मग पदक कसं मिळणार' विचारणाऱ्यांनी जास्त वाचावी.

मग ड्रेसाजमध्ये हे का झालं नाही? मला वाटतं उत्तर मोजमापात आहे. उडीत बार पडला की पडला, ते यंत्रालाही कळतं. ड्रेसाजमध्ये गुण आहेत ते दिसण्याला. अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्टच्या नावाने एक नियम ओळखला जातो. एखादं माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. अप्रेझलचे दिवस आठवा. किती तिकिटं बंद केली यावर रेटिंग ठरलं की तिकिटं भराभर बंद होतात, प्रश्न सुटोत न सुटोत :) मिटलेलं तोंड हे आनंदी घोड्याचं लक्षण होतं. त्याला गुण लागले, आणि लोकांनी तोंड बांधलं. कमानदार मान हे ऐटीचं लक्षण होतं. त्याला गुण लागले, आणि सरावात घोड्याची हनुवटी छातीला लागेपर्यंत मान वाकवण्याची पद्धत आली, तिला रोलकुर म्हणतात. ऑक्टोबर २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या एका स्पर्धेच्या सराव मैदानावरचा व्हिडिओ इंटरनेटवर आला. मान अशीच वाकवलेली, आणि जीभ बाहेर लोंबतेय, निळी पडलेली. गदारोळ झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने, म्हणजे एफईआयने, आक्रमक जोर लावून मान अशी वाकवणं मान्य नाही असं जाहीर केलं.

आणि नोजबँड? त्याचं मोजमाप करायला शास्त्रज्ञ यावे लागले. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १२ घोड्यांवर प्रयोग प्रसिद्ध केला. पट्टा पूर्ण आवळल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके आणि डोळ्याचं तापमान वाढलं, चघळणं आणि गिळणं कमी झालं. पट्टा काढल्यावर तेच चघळणं, जांभया देणं एकदम उसळलं, साचलेली थकबाकी चुकती करावी तसं. २०१७ मध्ये दुसरा अभ्यास आला. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत ७५० घोड्यांचे पट्टे मोजले. ४४ टक्के घोड्यांमध्ये एक बोटही जात नव्हतं. दोन बोटं जात होती फक्त ७ टक्क्यांमध्ये. सगळ्यांना पाठ असलेला दंडक शंभरात सात जण पाळत होते!

दंडकात पळवाटही होती. दोन बोटं, पण कोणाची? आणि कुठे? बाजूला गालाशी जागा मऊ असते, तिथे बोटं सरकतात. समोर नाकाच्या हाडावर मोजलं की खरं कळतं. एकक नसलेलं स्पेसिफिकेशन काय किमतीचं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दरम्यान लोकांचा विश्वास उडत चालला होता. ६ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनच्या महिला स्पर्धेत सेंट बॉय नावाच्या घोड्याने उड्या मारायला साफ नकार दिला. या खेळात स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळतो आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. आघाडीवर असलेली जर्मन खेळाडू रडत चाबूक मारत होती, प्रशिक्षिकेने घोड्याला गुद्दा मारला. जगाने ते थेट बघितलं. १९१२ पासून त्या खेळात असलेली घोडेस्वारी पॅरिस २०२४ नंतर काढून टाकली, तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. त्याच पॅरिसच्या तोंडावर ब्रिटनची सहा ऑलिम्पिक पदकं मिळवलेली शार्लट दुजार्दिन हिने माघार घेतली, कारण शिकवताना घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारतानाचा तिचा जुना व्हिडिओ बाहेर आला. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली.

आणि २०२५ साली एफईआयने नोजबँडसाठी मोजपट्टी आणली. एक छोटं, साधं साधन. नाकाच्या हाडावर, समोर, पट्ट्याखालून ते गेलं पाहिजे. साधारण दीड सेंटीमीटर जागा. स्पर्धेनंतर गेलं नाही तर बाद होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. बोटांच्या जागी गेज. चार हजार वर्षांत बिटचे हजार प्रकार निघाले, आणि 'किती घट्ट' हे मोजायला एवढा वेळ लागला.

काही स्वारांना हे आवडलेलं नाही. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाचशे किलोचं जनावर बिथरलं तर जीव जातो, ताबा ही चैन नाही. पण मला विचाराल तर, ताबा आणि आवाज बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ज्या घोड्याची तक्रार दिसते तोच जास्त सुरक्षित, कारण तो पुढे काय करणार याची सूचना आधी मिळते. अलार्म बंद केलेला सर्व्हर शांत असतो, पडेपर्यंत.

आपल्याकडे काय? आपला कायदा एका बाबतीत पुढे होता. ओझी वाहणाऱ्या आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगामावर सरळ बंदी आहे. पण वरातीच्या घोड्यांच्या तोंडातून प्राणीमित्र संस्थांना काटेरी लगाम आजही काढावे लागतात. झेनोफनचा तो साळूचा काटा बँडच्या तालावर आपल्या गल्लीतून जातो, आणि आपण त्याच्यापुढे नाचतो.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रेसाज बघाल, किंवा मित्राच्या वरातीत उभे असाल, तर घोड्याचे पाय आणि झूल बघून झाल्यावर दोन मिनिटं त्याचं तोंड बघा. पट्ट्याखाली जागा आहे का, ओठांचे कोपरे ताणलेत का, फेसात रक्त आहे का. वरातीत असाल तर घोडेवाल्याला विचारा की लगाम कसला आहे. त्यालाही बरेचदा पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असतं, आणि साध्या लगामावरही घोडा नीट चालतो हे तो तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो.